एका रात्रीत रिकामे झालेले खाते

प्रश्न : एका ऑनलाइन क्रिप्टो एक्स्चेंजवर माझे काही बिटकॉइन होते. पासवर्ड अवघड होता, ओटीपीही मोबाइलवर येत असे. एका रात्री फोनचे नेटवर्क गेले आणि सकाळी खाते रिकामे दिसले. व्यवहार रद्द होऊ शकत नाही, असे एक्स्चेंज सांगते. हे खरे आहे का?

उत्तर : दुर्दैवाने खरे आहे. ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, पक्का झालेला व्यवहार एक्स्चेंजला मागे फिरवता येत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील मात्र नेटवर्क जाण्याचा आहे. मोबाइल कंपनीला फसवून चोर आपला क्रमांक स्वतःच्या सिमवर वळवून घेतो, मूळ सिम बंद पडते, आणि मग ईमेल व खात्याचा पासवर्ड बदलण्यासाठी लागणारे ओटीपी त्याच्याच हाती पडतात. पासवर्ड कितीही अवघड असला तरी येथे तो निरुपयोगी ठरतो. म्हणून सिम केव्हा बदलले गेले याची लेखी माहिती कंपनीकडे मागा आणि व्यवहाराच्या हॅशसह, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकासह, पोलिसांत तक्रार करा. चोरलेली नाणी दुसऱ्या एक्स्चेंजवर पोहोचली, तर तेथे ती गोठवली जाऊ शकतात. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून चोरलेल्या १,१९,७५६ बिटकॉइनपैकी सुमारे ९४,००० अमेरिकी तपासयंत्रणांनी २०२२ मध्ये जप्त केले. अर्थात हा अपवाद आहे. आगाऊ शुल्क घेऊन पैसे परत मिळवून देतो म्हणणारा बहुधा दुसरा चोरच असतो.

यापुढे एसएमएसऐवजी फोनमध्येच ओटीपी तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरा. हार्डवेअर सुरक्षा-की (लॉगिनसाठी संगणकाला किंवा फोनला जोडायचे छोटे उपकरण) त्याहून चांगली, कारण बनावट संकेतस्थळावर ती चालतच नाही. रक्कम केवळ आधी नोंदवलेल्या बिटकॉइन-पत्त्यांवरच जाईल आणि नवा पत्ता जोडल्यास काही काळ थांबावे लागेल, अशी सोय बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर असते. ती सुरू करण्याचा कंटाळा करू नका.

एक्स्चेंजच लुटले गेले, तर यातले काहीच कामी येत नाही. २०१४ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजने सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे जाहीर केले, आणि धनकोंना बिटकॉइन परत मिळू लागायला २०२४ उजाडले. याउलट २०१९ मध्ये चोरीला गेलेल्या ७,००० बिटकॉइनची भरपाई बायनान्स या एक्स्चेंजने स्वतःच्या राखीव निधीतून केली. दीर्घकाळ ठेवायची नाणी स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे नाण्यांच्या गुप्त किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणाऱ्या उपकरणात, असावीत, हे माझे मत आहे. मात्र त्याची सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडून देणारी गुप्त शब्दांची यादी, कागदावरच लिहून ठेवा, फोनमध्ये तिचे छायाचित्र काढून नव्हे.