विशेष शाळेत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करणं कसं असतं?

प्रश्नकर्तीचा कोर्स नुकताच संपलाय आणि एका विशेष शाळेतून बोलावणं आलंय. पण मैत्रिणी म्हणतायत, "शाळेत गेलीस की शिकलेलं सगळं विसरशील, क्लिनिकच बरं." तिथे दिवसभर नेमकं काय काम असतं, असं तिने विचारलंय.

मी 11 वर्षं विशेष शाळांमध्येच काम करतेय. मैत्रिणींचं म्हणणं अर्धं खरं आहे. विसरायला काही होत नाही, पण शिकताना जे पहिल्या पानावर होतं ते इथे शेवटच्या पानावर जातं. 'र'चा 'ल' होतो म्हणून इथे कुणी मूल तुमच्याकडे घेऊन येत नाही. जे मूल येतं ते कदाचित अजिबात बोलत नसतं, किंवा अख्ख्या जाहिराती पाठ म्हणून दाखवतं पण पाणी हवंय हे सांगू शकत नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता, आणि बऱ्याचदा यांतलं एकाहून जास्त काही. एका वर्गात आठ मुलं असली तर आठ तऱ्हा.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. आठेक वर्षांची एक मुलगी होती. डाऊन सिंड्रोम, दोन्ही कानांना मशीन, बोलणं चार-पाच शब्दांचं आणि तेही घरच्यांनाच कळणारं. तिला बोट ठेवून सांगता यावं म्हणून मी तीस चित्रांचा फलक केला होता. गळ्यात अडकवून फिरायची. एके दिवशी सकाळी आल्या आल्या तिने बसच्या चित्रावर बोट ठेवायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "बस शाळा सुटल्यावर." मावशी म्हणाल्या, "आत्ताच तर आलीस ना गं." माझ्याकडे आली तेव्हा मी आणखी शहाणपणा केला. दिवसाच्या वेळापत्रकाची चित्रपट्टी काढून बस सगळ्यांत शेवटी आहे हे तिला दाखवलं, आणि फाइलमध्ये 'घरी जाण्याची वारंवार मागणी' असं लिहूनही टाकलं. मधल्या सुट्टीत मावशी तिचे सुटलेले केस बांधायला बसल्या, तेव्हा दिसलं की उजव्या कानातलं मशीनच नाही. बसच्या सीटवर पडलं होतं ते.

म्हणजे ती सकाळपासून बरोबर बोलत होती. तिच्या फलकावर 'हरवलं' नव्हतं, 'कान' नव्हता, 'काहीतरी गडबड आहे' नव्हतं. मी तिला दिलं काय होतं? फळं, प्राणी, खेळणी, बस. सगळे मागायचे शब्द, सांगायचा एकही नाही. मग साहजिकच तिने काहीही दाखवलं की आम्ही सगळे त्याला मागणीच समजायचो. आणि हो, तिची मशीन सकाळी आल्याबरोबर तपासायचं काम माझंच होतं. तेही त्या दिवशी राहिलं होतं.

त्यानंतर मी फलक करायची पद्धतच बदलली. माणसाच्या रोजच्या बोलण्यातला साधारण 80 टक्के भाग दोन-चारशे शब्दांचाच असतो, आणि त्यात नामं फार थोडी. 'नको', 'अजून', 'दे', 'झालं', 'कुठे', 'तू', 'थांब' हे शब्द दिवसभर कामाला येतात, 'हत्ती' वर्षातून एकदा. पण हत्तीचं चित्र काढायला सोपं, म्हणून फलकावर आधी हत्ती जाऊन बसतो. अजून एक बारीक गोष्ट. तयार ॲपमधले फलक बहुतेक इंग्रजी वाक्याच्या क्रमाने मांडलेले असतात, क्रियापद मध्ये. आपलं क्रियापद शेवटी येतं, तेव्हा मांडणी स्वतः बदलून घ्या.

पालक हमखास विचारतील, "चित्रं दिली तर तो बोलायचा कंटाळा करेल ना?" प्रश्न रास्त आहे, चिडू नका. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या ज्या 27 जणांची माहिती भरवशाची होती, त्यांपैकी एकाचंही बोलणं चित्रं किंवा खुणा दिल्यामुळे कमी झालं नव्हतं, आणि 89 टक्के जणांचं थोडंफार वाढलंच होतं. थोडंफार हा शब्दही पालकांना सांगा. उगाच आशा लावू नका.

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 'पेक्स', म्हणजे हवं त्याचं चित्र देऊन संवाद साधायची पद्धत, तुम्ही शिकला असालच. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती 1985 मध्ये काढली. तिच्यातली खरी खुबी चित्रात नाही, चित्र समोरच्याच्या हातात नेऊन देण्यात आहे. त्यासाठी मुलाला उठून माणसाकडे जावं लागतं. चित्र भिंतीला चिकटवलं आणि मुलाने त्याला नुसता हात लावला, तर खोलीत कुणी नसलं तरी ते हात लावत बसतं.

तेच ते वाक्य परत म्हणणाऱ्या मुलांबद्दल जुन्या फायलींत 'निरर्थक बडबड' असा शेरा सापडेल. तो खोडा. 1981 मध्येच प्रिझंट आणि डुकन यांनी दाखवून दिलं होतं की अशा पुनरुक्तीमागे बऱ्याचदा काही हेतू असतो. माझ्याकडचा एक मुलगा खुर्चीतून उठायचं असलं की "झालं का तुझं?" असं मलाच विचारायचा. कधीतरी त्याला कुणीतरी हे वाक्य विचारून उठवलं असणार. त्याच्या हिशोबात ते उठायचं वाक्य होतं. मी त्याच्या बाजूने "झालं माझं" म्हणून दाखवायला लागले. दीड वर्ष लागलं.

खाण्यागिळण्याचं कामही तुमच्याकडे येईल, आणि तिथे चूक परवडत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ठसका लागला तर सगळे धावतात. पण काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, वारंवार छातीत कफ, न्यूमोनिया अशा खुणा दिसल्या तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. पातळ पाणी घट्ट पदार्थापेक्षा अवघड असू शकतं हे जेवण भरवणाऱ्यांना पटत नाही, कारण पाणी 'सोपं' वाटतं. त्यांना भाषण देऊ नका. शेजारी बसा, मूल सरळ बसलंय ना, मान मागे जात नाही ना, पहिला घास गिळल्यावरच दुसरा जातोय ना, हे हातानेच दाखवा.

दोन गोष्टींना मात्र नम्रपणे नकार द्यायला शिका. एक, फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ बाहेर-आत करणं. असे व्यायाम करून बोलणं सुधारतं याला भक्कम आधार नाही, तरी पालकांना ते बघायला आवडतं. दुसरी गोष्ट गंभीर आहे. मुलाचा हात धरून कीबोर्डवर त्याच्याकडून 'लिहून घेण्याची' पद्धत. नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसलंय की तिथे शब्द मुलाचे नसतात, हात धरणाऱ्याचे असतात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय. कुणी कितीही डोळ्यांत पाणी आणून आग्रह केला तरी त्यात पडू नका.

बाकी अडचणी कुठल्याही नोकरीतल्या. थेरपीची खोली म्हणजे अर्धी अडगळ, मुलं जास्त, अहवाल त्याहून जास्त. त्याची सवय होते. मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. वीस मिनिटं मूल माझ्याकडे असतं, तेवढ्यात ते छान खुणा करतं, आणि वर्गात परत गेल्यावर त्याला कुणी काही विचारतच नाही. म्हणून हल्ली मी मुलांना बाहेर फारसं काढत नाही. वर्गात जाऊन बसते, बाईंचाच तास चालू असताना फलक हातात घेते आणि बोलताना मीही चित्रांवर बोट ठेवते. मूल शब्द हजारदा ऐकून बोलायला लागतं, मग चित्र त्याने एकदा बघून वापरावं ही अपेक्षा कुठली? आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. सुरुवातीला ते दहा आकडे संपता संपत नाहीत. बाईंना तर चारवरच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. मावशी यात सगळ्यांत तरबेज होतात, कारण त्यांना मुलाची घाई नसते.

क्लिनिकमध्ये सहा महिन्यांत बदल दाखवता येतो, इथे कधी कधी तीन वर्षांत एक 'नको' येतो. तेवढ्यावर तुम्हाला झोप लागणार असेल तर या.

हो म्हणायच्या आधी शाळेत अर्धा दिवस नुसतं बसू द्या म्हणावं, शक्यतो मधल्या सुट्टीच्या वेळेला. मुलांचे फलक त्यांच्या हाताशी आहेत की कपाटात, एवढंच बघा. कपाटात असले तरी नोकरी घ्यायला हरकत नाही. पण कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.