तुमचे प्रश्न : कॉलेज फुटबॉलमधला पंटर

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांपैकी पंटरविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पंटर म्हणजे हातातला चेंडू सोडून, तो जमिनीला टेकायच्या आत लाथेने दूर पाठवणारा खेळाडू.

प्रश्न : मी आयोवा सिटीत शिकतो. इथे पहिल्यांदाच स्टेडियममध्ये मॅच पाहिली. चेंडू लाथेने समोरच्या संघाला देऊन टाकणाऱ्या खेळाडूसाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. यात कौतुक कसलं? (कोल्हापूरचा विद्यार्थी, आयोवा सिटी)

दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तिसऱ्या डाउनपर्यंत काम झालं नाही आणि चौथाही फसला, तर समोरच्याला चेंडू आहे त्याच जागी मिळतो. समजा, तुमचा संघ स्वतःच्या २५ यार्ड रेषेवर, म्हणजे स्वतःच्या गोलरेषेपासून २५ यार्डांवर अडकलाय. तिथे चौथा डाउन वाया गेला, तर समोरच्याला टचडाउनसाठी, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्यासाठी, फक्त २५ यार्ड उरतात. तिथूनच ४५ यार्डांचा पंट मारला, तर त्याला ७० यार्ड पार करावे लागतात. टाळ्या या फरकासाठी असतात.

आयोवात हे जास्तच जाणवतं, कारण इथल्या विद्यापीठाच्या संघाची भिस्त बचावावर. २०२३ मध्ये त्यांचं आक्रमण देशातल्या सगळ्यात दुबळ्या आक्रमणांपैकी होतं, तरी त्यांनी १० सामने जिंकले. त्या मोसमात मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने ९३ पंट मारले, एकूण ४,४७९ यार्ड, सरासरी ४८.२. एका मोसमातल्या एकूण पंट-यार्डांचा मिशिगन स्टेटच्या जॉनी पिंगेलचा विक्रम १९३८ पासून उभा होता, तो टेलरने मोडला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत घेतलं. पंटरसाठी ही फेरी फार वरची मानली जाते.

प्रश्न : आमच्या आवडत्या संघात दोन पंटर आहेत. एकाची सरासरी ४७ यार्ड, दुसऱ्याची ४२. प्रशिक्षक ४२ वाल्यालाच खेळवतात. हा अन्याय नाही का? (वाचक, डॅलस)

नाही. तुम्ही पाहताय ती ग्रॉस सरासरी. प्रशिक्षक पाहतात ती नेट. समोरच्याने चेंडू झेलून जितके यार्ड परत धाव घेतली तितके ग्रॉसमधून वजा होतात, आणि चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात गेला तर सरळ २० यार्ड वजा होतात, कारण अशा वेळी (याला टचबॅक म्हणतात) समोरचा संघ स्वतःच्या २० यार्ड रेषेवरून सुरुवात करतो.

पहिल्याने ४८ यार्ड मारला, पण चेंडू हवेत ३.८ सेकंदच राहिला. झेलणाऱ्याला पळायला मोकळी जागा मिळाली आणि तो १२ यार्ड परत आला. नेट ३६. दुसऱ्याने ४२ च मारला, पण चेंडू ४.४ सेकंद हवेत होता. तोवर त्याचे साथीदार खाली पोहोचले आणि झेलणाऱ्याला हात वर करून फेअर कॅच, म्हणजे पुढे न पळता नुसता झेल, घ्यावा लागला. नेट ४२. मैदानाच्या मधल्या भागात तर लांब मारणारा जास्तच महागात पडतो. स्वतःच्या ४५ वरून चेंडू थेट एंड झोनमध्ये घातला, तर ग्रॉस ५५ आणि नेट ३५. तिथूनच समोरच्याच्या १० यार्ड रेषेवर टाकला, तर ग्रॉसही ४५ आणि नेटही ४५.

दर दहा यार्डांमागे एक सेकंद हवेत, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. ४५ यार्डांच्या पंटला साडेचार सेकंद मिळत असतील तर तो पंटर उत्तम. पुढची मॅच पाहताना मोबाइलचं स्टॉपवॉच पायाला चेंडू लागताना सुरू करा आणि झेलताना थांबवा. प्रशिक्षकाची निवड आपोआप पटेल.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, शाळेच्या ज्युनिअर संघात पंटर म्हणून निवड झाली. पाय मजबूत आहेत, पण चेंडू सरळ गिरकी घेत न जाता लटपटत जातो. कधी ३० यार्ड, कधी थेट बाजूच्या रेषेबाहेर. जिमचा ट्रेनर लावावा का? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

ट्रेनर नको, आधी हात सुधारा. पंटमधल्या बहुतेक चुका पायाच्या दिसतात आणि असतात हाताच्या, चेंडू सोडण्याच्या. याला ड्रॉप म्हणतात. चेंडू हातातून सुटल्यापासून पायाला लागेपर्यंत साधारण तिसरा हिस्सा सेकंद जातो. तेवढ्यात तो जरा जरी फिरला, तरी पाय त्याच्या पोटावर बसण्याऐवजी टोकावर बसतो.

मुलगा उजव्या पायाने मारतो असं धरून सांगतो. डाव्या पायाने मारत असेल तर दिशा उलट करा. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा उजवा हात, त्यात चेंडूची मागची बाजू. लेस, म्हणजे चेंडूवरची दोरीची वीण, वर, आकाशाकडे. बोटं पसरलेली, पण पकड सैल, तळहात चेंडूला चिकटलेला नको. डावा हात फक्त आधाराला, आणि तो लवकर सुटतो. उजवा हात जवळजवळ सरळ, उजव्या नितंबाच्या समोर, कमरेच्या थोडा वर. चेंडूचं पुढचं टोक किंचित खाली आणि किंचित आत, डावीकडे वळलेलं. आता हात चेंडूखालून काढून घ्यायचा. चेंडू वर उडवायचा नाही, पुढे ढकलायचा नाही. हातात होता त्याच कोनात तो खाली यायला हवा.

पावलं दोनच : उजवं छोटं, डावं थोडं मोठं, आणि किक. पायाची बोटं पुढे ताणलेली, घोटा घट्ट. चेंडू लागायला हवा तो पायाच्या वरच्या कडक हाडावर, गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर.

चेंडू कसा गेला त्यावरून चूक ओळखता येते. चेंडू उंच, आखूड आणि टोकांवर गडगडत गेला, तर सोडताना मनगट वर उचललं गेलं आणि पुढचं टोक वर झालं. डावीकडे वळून गेला, तर ड्रॉप शरीराच्या मध्याकडे पडला आणि पाय आडवा ओढावा लागला. उजवीकडे रेषेबाहेर गेला, तर ड्रॉप बाहेर पडला आणि चेंडू पायाच्या बाहेरच्या कडेवर लागला. चेंडू फार पुढे टाकला, तर शरीर मागे झुकतं आणि जोर निघून जातो.

सराव असा. मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर उजवा पाय ठेवायचा आणि किक न मारता चेंडू नुसता सोडायचा. तो रेषेवरच पडला का, पडेपर्यंत कोन तोच राहिला का, हे पाहायचं. रोज दहा मिनिटं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एकदा बाजूने आणि एकदा समोरून चित्रण करा. बाजूने टोक वर गेलेलं दिसतं, समोरून आत-बाहेर. पूर्ण ताकदीच्या किक ३० ते ३५ पुरेत, त्याही आठवड्यातून तीन दिवस आणि मध्ये एक दिवस सोडून. या वयात जांघेचे आणि मांडीच्या पुढचे स्नायू अतिसरावाने लगेच दुखावतात. जांघेत कळ आली, तर त्या दिवशी किक बंद.

प्रश्न : पंटरला नुसता धक्का लागला तरी दंड का? (वाचक, नाशिक)

एक पाय हवेत असताना त्याला स्वतःला वाचवता येत नाही म्हणून. किरकोळ धडकेला ५ यार्ड, जोरात आदळलं तर १५ यार्ड आणि वर नवा फर्स्ट डाउन, म्हणजे पुन्हा चार संधी. कॉलेजच्या नियमात एक मेख आहे : पंटर चेंडू घेऊन टॅकल बॉक्सच्या (रांगेतल्या मधल्या खेळाडूंच्या मागच्या पट्ट्याच्या) बाहेर पळाला, तर हे संरक्षण जातं. पळत पळत रग्बीसारखी किक मारणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

प्रश्न : स्नॅप हातातून निसटला तर पंटरने काय करावं? (वाचक, सांगली)

डाउन जिथून सुरू होतो त्या रेषेमागे पंटर साधारण १५ यार्डांवर उभा असतो. लाँग स्नॅपर, म्हणजे पायांमधून मागे चेंडू फेकणारा खेळाडू, त्याच्याकडून चेंडू पाऊण सेकंदात येतो (ही फेक म्हणजे स्नॅप) आणि त्यानंतर किक मारायला सव्वा सेकंद मिळतो. दोन सेकंदांच्या वर गेलं की किक अडवली जाण्याची भीती सुरू होते. म्हणजे चेंडू उचलून, नीट धरून, सवयीप्रमाणे मारायला वेळ नसतो.

१७ ऑक्टोबर २०१५ ला मिशिगन २३–२१ ने पुढे होतं आणि १० सेकंद उरले होते. पंटर ब्लेक ओनील याच्या हातातून स्नॅप सुटला. त्याने तो उचलून मारायचा प्रयत्न केला, चेंडू मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हाती गेला आणि तो ३८ यार्ड पळून टचडाउन करून आला. २७–२३. आघाडी असताना आणि घड्याळ संपत आलेलं असताना उत्तर एकच : चेंडूवर झोपा. ही सवय सरावात मुद्दाम लावावी लागते. प्रशिक्षकाने दर आठवड्याला काही स्नॅप जाणूनबुजून खाली, डोक्यावरून आणि बाजूला टाकायला सांगावेत, आणि प्रत्येक वेळी गुण आणि उरलेला वेळ ओरडून सांगावा.

प्रश्न : मी पुण्यात रग्बी खेळतो, यंदा बारावी. ऑस्ट्रेलियन मुलं कॉलेजात पंटर होतात तसं मला जमेल का?

किक मारण्याचं अर्धं शिक्षण तुझं झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात नेथन चॅपमन यांनी प्रोकिक ऑस्ट्रेलिया सुरू केली आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलेल्या मुलांना अमेरिकी कॉलेजांत पाठवलं. सर्वोत्तम कॉलेज पंटरला मिळणारा रे गाय पुरस्कार पाहिला तर फळ दिसतं : २०१३ ला मेम्फिसचा टॉम हॉर्न्सी, २०१४ आणि २०१५ ला युटाचा टॉम हॅकेट, २०१६ ला युटाचाच मिच विश्नोस्की, २०१७ ला टेक्ससचा मायकल डिक्सन. सगळे ऑस्ट्रेलियन. त्यांनी आणलेला ड्रॉप पंट, म्हणजे टोकांवर उलटा फिरत जाणारा चेंडू, जमिनीवर पडल्यावर पुढे पळत नाही, म्हणून गोलरेषेजवळ टाकायला उत्तम. डिक्सनने २०१७ च्या टेक्सस बाउलमध्ये ११ पंट मारले आणि सामनावीर ठरला.

आता व्यवहार. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीत (डिव्हिजन वन) खेळायला पाच वर्षांत चार मोसम मिळतात, आणि हे घड्याळ कुठल्याही देशातल्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यावर सुरू होतं, पुण्यातल्याही. म्हणून ‘आधी इथे बीकॉम, मग तिकडे’ असं करू नकोस. पात्रतेसाठी शालेय पातळीवरचे १६ मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए लागतो, आणि नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना एनसीएएच्या पात्रता केंद्राकडून खात्री करून घे. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हेही धरून चाल.

प्रशिक्षकांना पाठवायचा व्हिडिओ सलग असावा, काटछाट नको. स्नॅप, किक आणि चेंडू पडण्याची जागा एकाच चौकटीत. निवडक दहा किकपेक्षा ओळीने मारलेल्या दहा किक त्यांना जास्त सांगतात. आणि रग्बीचा नाही, अमेरिकन चेंडू मिळव. त्याची टोकं जास्त निमुळती असतात, ड्रॉपची चूक तो माफ करत नाही.

एक अडचण आधीच माहीत असू दे. विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकेत जाहिराती वगैरेंतून पैसे कमावण्यावर कडक बंधनं आहेत. सहकारी अमेरिकी खेळाडू कमावतात म्हणून आपणही करार केला, तर व्हिसा धोक्यात येतो.

प्रश्न : कॉलेज संपल्यावर किती जणांना नोकरी लागते? (वाचक, ठाणे)

फार थोड्यांना. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये संघ ३२, बहुतेक प्रत्येकाकडे पंटर एकच, आणि चांगला पंटर दहा-दहा वर्षं जागा सोडत नाही. ड्राफ्टमध्ये वर्षाला एक-दोन, फार तर तीन-चार पंटर निवडले जातात. ज्याच्या नावाचा तो पुरस्कार आहे तो रे गाय १९७३ ला पहिल्या फेरीत गेला, पण तसे योग विरळाच. बाकीचे ड्राफ्टनंतर करार मिळवून सराव शिबिरात स्पर्धा करतात. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर होता, पण तो संघात टिकला तरच.

टिकण्यासाठी एक कौशल्य कॉलेजातच शिकून घ्यावं : फील्ड गोलच्या वेळी, म्हणजे जमिनीवर टेकवलेला चेंडू लाथेने गोलपोस्टमधून मारताना, किकरसाठी चेंडू धरणं. एनएफएलमध्ये हे काम जवळजवळ नेहमी पंटरच करतो. स्नॅप झेलायचा, टोक ठरलेल्या खुणेवर टेकवायचं, लेस गोलपोस्टकडे फिरवायच्या. स्नॅपपासून किकपर्यंत सगळं मिळून साधारण १.३ सेकंदांत. दोन पंटर पायाने सारखे असतील, तर प्रशिक्षक किकरला विचारतो की तुला कोणाच्या हातचा चेंडू हवा.