अमेरिकेतल्या शाळेत कॅनडा शिकवायचा आहे. शिक्षकांसाठी चांगलं प्रशिक्षण कुठे मिळेल?

तुम्ही वॉशिंग्टन राज्यात आठवीला सामाजिक शास्त्र शिकवता. पुढच्या वर्षी कॅनडावर तीन आठवड्यांचा घटक घ्यायचाय, तुमची स्वतःची माहिती जुजबी आहे, आणि जे प्रशिक्षण घ्याल ते परवान्याच्या नूतनीकरणात धरलं जावं, अशी अपेक्षा आहे. पासपोर्ट भारतीय आहे हेही तुम्ही लिहिलंय. ते बरं केलंत, कारण ऐनवेळी गाडं तिथेच अडतं.

आधी तासांचं पक्कं करा, मग कोर्स शोधा. बहुतेक जण हे उलटं करतात. तुमच्या राज्यात नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० क्लॉक अवर्स, म्हणजे प्रशिक्षणाचे अधिकृत मोजलेले तास, लागतात. विद्यापीठाचं एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे १० तास, एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे १५ तास. पण हे तास राज्याने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच मिळायला हवेत. तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था), तुमच्या भागातला एज्युकेशनल सर्व्हिस डिस्ट्रिक्ट (अशा अनेक डिस्ट्रिक्टना मदत करणारी विभागीय संस्था), विद्यापीठं, काही व्यावसायिक संघटना या त्यात येतात. एखाद्या कॅनडियन विद्यापीठाचं ऑनलाइन प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी ते आपोआप क्लॉक अवर्समध्ये बदलत नाही. कोर्स संपल्यावर कागद घेऊन ऑफिसात गेलात तर हात हलवत परत याल, कारण मंजुरी कार्यक्रमाच्या आधी घ्यायची असते.

यावर एक सरळ वाट आहे. शाळेतले किंवा डिस्ट्रिक्टमधले चार-पाच शिक्षक मिळून अभ्यासगट करा आणि डिस्ट्रिक्टकडून त्यालाच क्लॉक अवर्सची आगाऊ मंजुरी घ्या. अर्जात उद्दिष्टं, तारखा, तासांचा हिशोब आणि गट चालवणाऱ्याचं नाव एवढं लागतं. मग मोफत ऑनलाइन कोर्स हे त्या गटाचं वाचनसाहित्य होतं आणि तास पदरात पडतात. समतेशी संबंधित तासांची वेगळी अट तुम्हाला लागू असेल, तर आदिवासी इतिहासावरचा भाग त्यात बसतो का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

आता संस्थांकडे येऊ. तुम्ही नशीबवान आहात. कॅनडा शिकवणाऱ्या अमेरिकन शिक्षकांसाठी सगळ्यात जास्त काम झालेल्या दोन भागांपैकी एक तुमचाच. सिअॅटलमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या जॅक्सन स्कूलमधलं कॅनडियन स्टडीज सेंटर आणि बेलिंगहॅमच्या वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं कॅनडियन-अमेरिकन अभ्यास केंद्र, या दोघांनी मिळून शाळेतल्या शिक्षकांसाठी ‘स्टडी कॅनडा’ नावाची उन्हाळी कार्यशाळा वर्षानुवर्षं चालवली आहे. ती कॅनडातल्याच एखाद्या शहरात भरते. व्याख्यानं, संग्रहालयं आणि प्रत्यक्ष स्थळभेटी असं तिचं स्वरूप. दुसरा भाग ईशान्येचा: ओरोनोतली युनिव्हर्सिटी ऑफ मेन आणि न्यूयॉर्क राज्यातलं प्लॅट्सबर्गचं विद्यापीठ. क्वेबेक आणि फ्रेंच भाषेवर भर द्यायचा असेल तर तिकडचं साहित्य जास्त कामाचं.

मात्र ही केंद्रं बऱ्याच अंशी टायटल सिक्स नावाच्या फेडरल अनुदानावर चालत आली आहेत, आणि २०२५ मध्ये त्या अनुदानालाच कात्री लागली. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका. केंद्राला ईमेल करून थेट विचारा: यंदा कार्यशाळा आहे का, राहण्याचा खर्च कोण देणार, क्लॉक अवर्स किंवा क्रेडिटचं शुल्क वेगळं आहे का, आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का. सहसा नोंदणीत राहणं आणि काही जेवणं धरलेली असतात, प्रवास आपला आपण. डिस्ट्रिक्टकडे प्रशिक्षणनिधी असेल तर शाळेचं वर्ष संपण्याआधीच अर्ज टाका. उन्हाळ्यात त्या ऑफिसात कुणी सापडत नाही.

आणखी एक गोष्ट विचारा: शेवटी पाठाचा आराखडा लिहून द्यावा लागतो का? ‘हो’ असं उत्तर आलं तर ती कार्यशाळा निवडा. मला स्वतःला ही सगळ्यात भरवशाची कसोटी वाटते. जिथे शेवटी काहीच द्यावं लागत नाही तिथून शिक्षक पिशवीभर पत्रकं आणि मेपलची गोळी घेऊन परततो, आणि सप्टेंबरात वर्गात पुन्हा हॉकी आणि अस्वलंच येतात.

साहित्य शोधताना एक घोळ हमखास होतो. लोक ‘कॅनडाचा अभ्यासक्रम’ शोधत बसतात. तसा काही नाहीच. १८६७ च्या घटनाकायद्याच्या कलम ९३ नुसार शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे. ओटावात केंद्रीय शिक्षण मंत्रालयच नाही. म्हणून शोध प्रांत आणि इयत्तेनुसार घ्या. ब्रिटिश कोलंबियात पाचवीला कॅनडाची शासनव्यवस्था आणि तिथले प्रश्न येतात, नववीला १७५० ते १९१९ चा काळ, दहावीला १९१४ पासून आजपर्यंतचा. ओंटारियोत सातवी-आठवीला १७१३ ते १९१४ असा इतिहास आहे. तुमच्या आठवीच्या वर्गाला ओंटारियोच्या आठवीचं आणि ब्रिटिश कोलंबियाच्या नववीचं साहित्य वाचायला झेपतं. दहावीचं थोडं सोपं करून घ्यावं लागतं.

ब्रिटिश कोलंबियातल्या सामाजिक शास्त्र शिक्षकांची स्वतःची संघटना आहे, प्रांताच्या शिक्षक महासंघाशी जोडलेली. ऑक्टोबरात प्रांतभर विषयवार शिक्षक परिषदांचा दिवस असतो, त्या सुमारास त्यांची परिषद भरते. सीमेच्या अलीकडच्या शिक्षकाला शुल्क भरून बसता येतं का, हे नोंदणीच्या पानावर पाहा. एका दिवसात तिथल्या वर्गात प्रत्यक्ष काय चालतं ते कळतं, आणि आठवड्याच्या कार्यशाळेपेक्षा खर्च कितीतरी कमी.

जुनं साहित्य ओळखायची एक झटपट युक्ती: नकाशा पाहा. त्यावर नुनावुत हा उत्तरेकडचा प्रदेश नसेल तर ते १ एप्रिल १९९९ च्या आधीचं. आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांवरचं लिखाण २०१५ च्या आधीचं असेल तर त्यात, त्या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल नाही. त्यावर एकट्यावर पाठ उभा करू नका. त्या आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी ६२ ते ६५ शिक्षणाबद्दल आहेत. शिक्षकांच्या गटात त्या चार मोठ्याने वाचून चर्चा करा, एक तास सहज जातो.

आदिवासी इतिहासासाठी युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा ऑनलाइन कोर्स घ्या. त्याचे १२ पाठ आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्राचे पैसे पडतात. अभ्यासगटासाठी आठवड्याला दोन पाठ हा वेग ठीक. तिसरा घातला की वाचन मागे पडतं. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्राकडे मूळ कागदपत्रं आणि साक्षी आहेत, पण त्या आधी स्वतः पूर्ण ऐका, मगच वर्गात लावायच्या की नाही ते ठरवा. आणि निवासी शाळेचं नाट्यीकरण मुलांकडून करून घेऊ नका. एखाद्या मुलाच्या घरातच तो इतिहास असू शकतो, आणि ती शक्यता तुमच्या भागात मुळीच कमी नाही. कोस्ट सेलिश या आदिवासी लोकांच्या वस्त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. १८४६ च्या ओरेगॉन कराराने ४९ व्या अक्षांशावर जी रेघ मारली ती त्यांच्या मधून गेली. आदिवासी सार्वभौमत्वावरचा तुमच्या राज्याचा ‘सिन्स टाइम इम्मेमोरियल’ अभ्यासक्रम तुम्हाला शिकवावा लागतोच, तर हा कॅनडाचा घटक त्याला जोडून घ्या.

पद्धतीसाठी मी एकच चौकट सुचवेन. व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातले पीटर सेशस (Seixas) यांनी ऐतिहासिक विचाराच्या सहा संकल्पना मांडल्या: महत्त्व, पुरावा, सातत्य आणि बदल, कारण आणि परिणाम, त्या काळातल्या माणसांचा दृष्टिकोन, आणि नैतिक बाजू. कॅनडातली बरीचशी शिक्षक-प्रशिक्षणं आणि पाठ यावरच बेतलेले आहेत. सहाही एका घटकात कोंबू नका. तीन आठवड्यांत दोन नीट जमल्या तरी पुष्कळ. अमेरिकन वर्गात सहाव्या संकल्पनेपाशी गाडी घसरते. चर्चा ‘ते चांगले की आपण चांगले’ यावर जाते आणि इतिहास बाजूला राहतो.

ते टाळायला दोन्ही देशांनी केलेलं एकच कृत्य शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, दोन्हीकडे जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून स्थानबद्ध केलं. अमेरिकेत साधारण १,२०,०००, कॅनडात २१,००० च्या वर. अमेरिकेत १९४५ च्या सुरुवातीला किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली. कॅनडात ती १ एप्रिल १९४९ ला, म्हणजे युद्ध संपून साडेतीन वर्षं उलटल्यावर. शिवाय कॅनडाच्या सरकारने जानेवारी १९४३ च्या आदेशाने त्यांची घरं, शेतं, सामान मालकांच्या संमतीशिवाय विकायला काढलं, आणि आलेल्या पैशांतून त्यांच्याच स्थानबद्धतेतला खर्च वळता केला. भरपाई दोन्हीकडे १९८८ सालीच: अमेरिकेत ऑगस्टमध्ये प्रत्येकी २०,००० डॉलर, कॅनडात सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २१,००० कॅनडियन डॉलर.

यासाठी युनिव्हर्सिटी ऑफ व्हिक्टोरियाच्या ‘लँडस्केप्स ऑफ इन्जस्टिस’ प्रकल्पाने शाळांसाठी तयार पाठ मोफत ठेवले आहेत, लहान वर्गांसाठी आणि माध्यमिकसाठी वेगळे. ५० मिनिटांचा तास असा बसतो: पहिली १० मिनिटं मुलांच्या हातात फक्त जप्त सामानाची यादी आणि विक्रीची किंमत असलेला कागद, मागचंपुढचं काही न सांगता. शिवणयंत्र, कपाट, भांडी, समोर डॉलर-सेंट. मुलांनी फक्त प्रश्न लिहायचे, उत्तरं नाहीत. पुढची १५ मिनिटं सरकारी आदेशाचा एक परिच्छेद; हा आधीच लहान करून घ्या, मूळ कायदेशीर भाषेत आठवीचा वर्ग पहिल्या ओळीतच हरवतो. मग २० मिनिटं दोन देशांचा तक्ता: केव्हा हलवलं, मालमत्तेचं काय केलं, केव्हा परतू दिलं, भरपाई केव्हा. शेवटची पाच मिनिटं कोणत्या रकान्यातला फरक सर्वांत मोठा वाटतो आणि का, एवढंच लेखी. तक्ता कोरा देऊ नका, एक रकाना भरून द्या. नाहीतर अर्धा तास तारखा शोधण्यात जातो. भारतीय वंशाची मुलं वर्गात असतील तर दुसऱ्या दिवशी भारतीय प्रवाशांसह परत पाठवलेलं कोमागाटा मारू जहाज घेता येईल: १९१४, व्हँकुव्हर बंदर, ३७६ प्रवासी, आणि मूळ देशातून न थांबता आलेल्यांनाच उतरू देणारा नियम. त्याची माफी पंतप्रधानांनी संसदेत मागितली ती मे २०१६ मध्ये.

भूगोलासाठी लांब जायला नको. कोलंबिया नदी करार १९६१ मध्ये झाला, १९६४ पासून लागू आहे. त्याखाली कॅनडात तीन धरणं आणि मॉन्टानात एक झालं. पुराचं नियंत्रण आणि वीज यांची ती देवाणघेवाण आहे, आणि तुमच्या मुलांच्या घरातला दिवा त्याच नदीवर जळतो. पॉइंट रॉबर्ट्स तर नकाशावर दाखवलंत की पुरे: अमेरिकेचा तुकडा, पण जमिनीवरून जायचं तर कॅनडातूनच. तिथली मोठ्या वर्गांतली मुलं शाळेला अमेरिकेतल्याच ब्लेन गावी जातात, म्हणजे जाताना दोनदा आणि येताना दोनदा सीमा ओलांडतात.

ओळखीपुरत्या माहितीला ‘द कॅनडियन एनसायक्लोपिडिया’ मोफत आणि भरवशाचा. कॅनडियन जिओग्राफिकचे जमिनीवर अंथरायचे प्रचंड नकाशे शिक्षकांना फार आवडतात, पण ते कॅनडातल्या शाळांनाच उसने मिळतात. तुम्ही त्यांचा अॅटलस ऑनलाइन वापरा. 

आता पासपोर्ट. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे कॅनडात जाता येतं हा गैरसमज आहे. भारतीय नागरिकाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा लागतो. फी १०० कॅनडियन डॉलर, बोटांचे ठसे गेल्या दहा वर्षांत दिलेले नसतील तर त्याचे ८५. निदान तीन महिने आधी अर्ज करा, सोबत कार्यशाळेचं निमंत्रणपत्र आणि तुमच्या डिस्ट्रिक्टचं नोकरी व परतीच्या तारखांचं पत्र जोडा. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. परतीचीही तयारी ठेवा. पासपोर्टमधल्या अमेरिकेच्या व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपलेली असली तरी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू असेल आणि कॅनडातला मुक्काम ३० दिवसांच्या आतला असेल तर बहुधा परत येता येतं, पण त्या मुक्कामात कॅनडातल्या अमेरिकन दूतावासात नव्या व्हिसासाठी अर्ज टाकलात की ही सवलत जाते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मंजुरीचा कागद, जे-वन या विनिमय-कार्यक्रमाच्या व्हिसावर असाल तर प्रवासाची सही केलेला डीएस-२०१९ हा फॉर्म हातातल्या बॅगेत ठेवा. निघण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या.