दुधाची दाढ पडणारच आहे, मग कॅप कशाला? (मी दोन्ही करून बघितलंय)

ताई, तुमची लेक साडेचार वर्षांची, खालच्या दोन दाढा किडल्यात, डॉक्टर म्हणतात एकीचं रूट कॅनाल आणि दोन्हींवर स्टीलच्या कॅप, आणि सासूबाई म्हणतात पडणाऱ्या दातावर कसला खर्च. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या मोठ्याच्या वेळी आमच्या घरात हेच बोलणं झालं होतं आणि मीही त्याला हो म्हटलं होतं.

आधी एक गोष्ट घरी नीट सांगा. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडायला लागतात म्हणून आपल्याला वाटतं की सगळेच पडतील. दाढा इतक्यात पडत नाहीत. मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते, म्हणजे तुमच्या लेकीला त्याच दाढेवर अजून पाच-सहा वर्षं तरी भाकरी चावायचीय.

आम्ही काय केलं, तर नुसतं सिमेंट भरून घेतलं. ते तीन महिन्यांत निघालं, परत भरलं, परत निघालं. दोन दाढांच्या मधल्या बाजूने कीड गेली की दाढेची भिंतच पडलेली असते, दुधाच्या दातावरचं कवच मुळात पातळ, नस अगदी जवळ, तिथे एवढं मोठं सिमेंट धरणार कशाला? मग एका रात्री दोन वाजता पोरगा गाल धरून रडत उठला, सकाळी जबडा टम्म सुजलेला आणि हिरडीवर पुवाची पिवळी पुटकुळी. दाढ काढावी लागली. तेव्हा तो साडेपाचचा होता. जागा धरून ठेवायला तारेची रिंग बसवा असं सांगितलं होतं, तीही आम्ही टाळली. सहाव्या वर्षी मागून येणारी पक्की दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे सरकली, खालून येणाऱ्या दाताला वाटच राहिली नाही, आणि आता तेराव्या वर्षी ब्रेसेस चालू आहेत. कॅपच्या कितीतरी पट खर्च झाला, पण त्या रात्रीचं त्याचं रडणं मला जास्त लागलंय.

धाकटीच्या वेळी मात्र वेळेत गेलो. तिला रात्रीचा ठणका नव्हता, सूज नव्हती, एक्सरेत कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन न देता, न कोरता कॅप बसवली. याला हॉल टेक्निक म्हणतात, स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावावरून. आधी दाढांच्या फटीत छोटी रबरी रिंग दोऱ्यासारखी ओढून घातली, दोन-तीन दिवस दातात काहीतरी अडकलंय म्हणत होती. मग डब्यातून एकेक नंबरची कॅप लावून बघितली, बसणारी सापडल्यावर आत सिमेंट भरून दाढेवर ठेवली आणि कापसावर जोरात चाव म्हणाले, झालं. कीड आतच बंद होते, तिला खायला मिळत नाही, त्यामुळे ती पुढे सरकत नाही. सुरुवातीला चावताना कॅप उंच लागते आणि बाकीचे दात टेकत नाहीत, त्याला घाबरू नका, दोन-चार आठवड्यांत आपोआप बसतं. तोवर वरणभात, खिचडी.

तुमच्या ज्या दाढेचं रूट कॅनाल सांगितलंय तिथे हे चालणार नाही. तिथे नुसती वरची नस काढणार की मुळांपर्यंत साफ करणार, हे विचारून घ्या, दोन्ही वेगळं आहे. पण दोन्हीनंतर कॅप हवीच, नाहीतर पोकळ झालेली दाढ फुटते. आणि इंजेक्शननंतर दोन-तीन तास लेकीवर नजर ठेवा, बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावत बसतात आणि नंतर त्याची जखम होते.

स्टील की पांढरी? मागच्या दाढेला मी डोळे झाकून स्टील म्हणेन. १९५० पासून वापरात आहे, मजबूत आहे, दाढ फार घासावी लागत नाही. पांढरी कॅप झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकची असते, तिच्यासाठी दाढ बरीच घासून कमी करावी लागते, रक्त आलं तर नीट चिकटत नाही, मुलाला जास्त वेळ शांत बसावं लागतं, आणि महागही पडते. पुढच्या दातांना पांढरी घ्या, तिथे दिसण्याचा प्रश्न खरा आहे. फक्त लेकीला खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, स्टीलमध्ये निकेल असतं.

कॅप परत काढावी लागत नाही, दाढ पडेल तेव्हा तिच्याबरोबरच पडते. चिक्की, च्युइंगगम, चिकट टॉफी बंद. निघालीच तर फेकू नका, डबीत घालून घेऊन जा. हिरडीच्या कडेला ब्रश रोज फिरला पाहिजे, आणि रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा, तिच्यावर सोडू नका. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट बास. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल तर ती आधी बंद, नाहीतर बाकीच्या दाढाही जातील.

पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, तिथे बरंच स्वस्तात होतं, हेलपाटे मात्र होतात.

रात्री ठणका लागून उठते का ती? आणि एक्सरे काढलाय का? उठत असेल तर दिवाळीची सुट्टी बघत थांबू नका, याच आठवड्यात जा.