पँथर कुर्स्कला का अडखळला?

जर्मन पँथर हा दुसऱ्या महायुद्धातील सर्वोत्तम रणगाडा असेल, तर रशियातील कुर्स्कच्या लढाईत त्याचा प्रभाव का पडला नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या अपयशाचे मूळ बरेचसे त्याच्या वजनात आहे.

1941 मध्ये सोव्हिएत टी-34 रणगाड्याशी गाठ पडल्यावर जर्मन सेनापती गुडेरियन यांच्या आग्रहावरून तज्ज्ञांचे पथक आघाडीवर गेले आणि मे 1942 मध्ये पँथरसाठी एमएएन कंपनीचा आराखडा मंजूर झाला. मूळ कल्पना 30 ते 35 टनांच्या रणगाड्याची होती. हिटलरच्या हट्टाने दर्शनी चिलखत 60 ऐवजी 80 मिलिमीटर झाले आणि तयार रणगाडा 45 टनांच्या घरात गेला. इंजिन 700 अश्वशक्तीचे बसवले, परंतु पट्टा ओढणाऱ्या चाकाला जोर पोहोचवणारा शेवटचा गिअर, म्हणजे फायनल ड्राइव्ह, साध्या सरळ दात्यांचाच राहिला, कारण अधिक भक्कम गिअर कापणारी यंत्रे जर्मनीत अपुरी होती. चिखलात जोराने वळवले की हे दाते तुटत. युद्धानंतर पँथर वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याच्या 1947 च्या अहवालात या भागाचे सरासरी आयुष्य अवघे 150 किलोमीटर दिले आहे!

जुलै 1943 मध्ये कुर्स्कला उतरवलेल्या 200 पँथरपैकी 10 जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर लढण्याजोगे जेमतेम 10 उरले होते. हा सगळा दोष यंत्राचा मानणे मात्र अन्यायाचे होईल. कित्येक पँथर सुरुंगांनी आणि तोफगोळ्यांनीच निकामी झाले.

पुढे बरेच दोष निस्तरले आणि सुमारे 6,000 पँथर बांधले गेले. मोकळ्या मैदानात समोरासमोर त्याची लांब नळीची 75 मिलिमीटरची तोफ शत्रूला दुरूनच गाठत असे. बाजूचे चिलखत मात्र 40 ते 50 मिलिमीटरचेच होते, आणि तोफचीला दुर्बिणीच्या अरुंद दृश्याखेरीज बाहेरचे काहीच दिसत नसल्याने लक्ष्य शोधण्यात मोलाची सेकंदे जात. सप्टेंबर 1944 मध्ये फ्रान्समधील आराकूर येथे दाट धुक्याने लांब पल्ल्याचा फायदाच हिरावून घेतला; टेहळणीत कमी पडलेल्या, अपुऱ्या प्रशिक्षणाच्या जर्मन ब्रिगेडचे कोरे करकरीत पँथर अमेरिकी शेरमन रणगाड्यांनी जवळून, बगलेवर मारा करून फोडले.