ला स्काला की कॉर्नवॉल?

डॅलसमधली १३ बाय १८ फुटांची खोली, बसायची जागा स्पीकरपासून ११ फुटांवर, ८ वॉटचा ३००-बी (व्हॅक्यूम ट्यूबचा) ॲम्प्लिफायर, आणि समोर क्लिपश कंपनीच्या स्पीकरचे वापरलेले तीन जोड: क्लिपशहॉर्न, ला स्काला, कॉर्नवॉल. ऐकणं मुख्यतः ख्याल, थोडा जॅझ. तुम्ही दिलेल्या एवढ्या माहितीवरून मी सांगेन, ला स्काला घ्या.

क्लिपशहॉर्न बाद होतो तो तुमच्या डाव्या कोपऱ्यातल्या दारामुळे. पॉल क्लिपश यांनी १९४६ मध्ये तो काढला, तेव्हा खोलीचा कोपरा हाच बासच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, हॉर्नचा (पुढे रुंद होत जाणाऱ्या भोंग्याचा) शेवटचा भाग धरला होता. ५० हर्ट्झची लहर जवळपास २२ फूट लांब असते. ती मोकळ्यावर नीट सोडायची तर हॉर्नचं तोंड सात फूट व्यासाचं लागेल. दोन भिंती आणि जमीन मिळून तोंडाच्या आठव्या हिश्शात काम भागवतात, म्हणून तो स्पीकर घरात मावतो. एका बाजूला भिंतीऐवजी दार आलं की दोन्ही स्पीकरचा बास वेगवेगळा होणार. नव्या मॉडेलची पाठ बंद असते, त्याला कोपरा एवढा काटेकोर लागत नाही. पण वापरलेले जोड बहुधा जुनेच मिळतात.

आता उरलेले दोन. कॉर्नवॉलमध्ये फक्त मधला आणि वरचा भाग हॉर्नचा आहे. खाली १५ इंची वूफर (बासचा स्पीकर) साध्या पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, खोक्यात बसवलाय. त्यामुळे तो खाली ३५ हर्ट्झच्या आसपास पोचतो, तर ला स्काला कंपनीच्या आकड्यानुसारच ५१ ला थांबतो. या एका आकड्यावर बरेच जण ला स्काला नाकारतात. तुमच्या संगीतासाठी ते मला पटत नाही. काळी एक पट्टीला लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा १३९ हर्ट्झला असतात आणि खर्जाची ६९ ला. म्हणजे खर्जाचा मूळ स्वरसुद्धा ला स्कालाच्या आवाक्यात आहे. डबल बासची सर्वांत खालची तार मात्र ४१ ला, तिथे तो कमी पडेल.

भीमसेन जोशींचा मंद्र ते मध्य सप्तकातला आवाज ऐकताना फरक कळतो. मूळ स्वर साधारण ४०० हर्ट्झच्या खालीच असतात आणि ला स्कालामध्ये तो पट्टाही हॉर्नमधूनच येतो. हॉर्नमुळे पडद्याला फार थोडं हलावं लागतं, म्हणून विकृती कमी. क्लिपश यांचा सगळा भर याच मुद्द्यावर होता. आलापाचं भरीव अंग आणि वरची तान एकाच पोताची लागते. कॉर्नवॉलवर खालचा आवाज थोडा मऊ, पसरट होतो. काहींना तोच आवडतो, आणि आठ फुटांवर बसणार असाल तर मीही कॉर्नवॉलच सुचवेन, कारण ला स्कालाचे तीन हॉर्न एकजीव व्हायला अंतर लागतं. ११ फूट पुरे आहेत.

तुमच्या ८ वॉटची काळजी करू नका. ला स्काला एका वॉटला एक मीटरवर १०५ डेसिबल आवाज देतो असं कंपनी सांगते, त्यात खोलीचा फायदा धरलेला आहे. चार-पाच कमी धरलेत तरी नेहमीच्या आवाजाला एक वॉटही लागणार नाही. काळजी करायची ती ॲम्प्लिफायरच्या गुणगुणण्याची. साध्या स्पीकरवर जी ऐकूच येत नाही, ती इथे दोन स्वरांमधल्या शांततेत येऊन बसते. विकत घेण्याआधी तुमचा ॲम्प्लिफायर तिथे नेऊन जोडा, संगीत न लावता हॉर्नला कान लावा, मग बसायच्या जागेवरून ऐका.

जोड बघताना तीन गोष्टी. जुन्या ला स्कालाच्या बाजू पाऊण इंची प्लायच्या असतात आणि मोठ्या आवाजाला थरथरतात. हॉर्नच्या तोंडाशी दोन बाजूंमध्ये आडवी पट्टी मारली की बराच फरक पडतो. मधला हॉर्न धातूचा असेल तर बोटाने टिचकी मारा, वाजला तर बाहेरून डॅम्पिंगची पट्टी चिकटवा. क्रॉसओव्हरचे (वूफर आणि हॉर्नमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर मूळचे असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. ट्वीटर (सर्वांत वरच्या स्वरांचा हॉर्न) मात्र तिथेच तपासा: पुठ्ठ्याची नळी कानाशी धरून एकेक वेगळा ऐका, कारण एक मेलेला असला तरी बाकीचा स्पीकर एवढा जोरकस वाजतो की लक्षात येत नाही.

सबवूफर (फक्त खोल बाससाठीचा वेगळा स्पीकर) लगेच घेऊ नका. लाकडी चौकटीवरच्या जिप्समच्या भिंती बास बराच शोषतात आणि बाहेर सोडतात, त्यामुळे तुमच्या खोलीत नेमकं काय उरतं ते महिनाभर ऐकून ठरवा. कमी वाटलंच तर ६०च्या खाली एक बंद खोक्याचा सब पुरेल.