एक मोठा फुटबॉलपटू एकट्याच्या जोरावर देशाला विश्वविजेता करू शकतो का?

तुम्ही विचारलंय की मॅराडोनाने १९८६ मध्ये आणि मेस्सीने २०२२ मध्ये अर्जेंटिनाला वर्ल्ड कप मिळवून दिला, तसा एखादा खेळाडू भारतात जन्मला तर आपणही जिंकू का? आणि सुनील छेत्री एवढा मोठा असून त्याला ते का जमलं नाही? मी नाशिकरोडला एका शाळेत पीटी शिकवते, अठरा वर्षांपासून मुलांच्या फुटबॉलच्या टीम घेऊन तालुका आणि जिल्ह्याला जाते. तुमचा छेत्रीबद्दलचा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

एकट्याच्या जोरावर कुणालाच जमलेलं नाही. मॅराडोनालाही नाही, मेस्सीलाही नाही. चांगल्या तयार झालेल्या संघाला शेवटच्या दोन-तीन पायऱ्या चढवायला मात्र असा एक माणूस लागतो. खालच्या पायऱ्या तो एकटा बांधू शकत नाही.

क्लब आणि देश यांतला फरक आधी बघा. क्लबचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कच्चा असेल तर पैसे मोजून दुसरा आणता येतो. देशाला तसं करता येत नाही, आपल्या मातीत जे पिकलं त्यातूनच अकरा उभे करायचे. शिवाय सरावाला वेळच नाही. वर्षातून चार-पाच वेळा खेळाडू एकत्र येतात, तेही आठ-दहा दिवसांसाठी, आणि त्यातच दोन सामने आणि विमानप्रवास. बार्सिलोनात मेस्सीला बॉल पुरवायला झावी आणि इनिएस्ता होते. दोघेही स्पेनचे. अर्जेंटिनाची जर्सी घातली की ते दोघं समोरच्या देशात.

जॉर्ज वेआचं उदाहरण तर मी मुलांना दरवर्षी सांगते. सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी ओर १९९५ साली मिळवलेला लायबेरियाचा खेळाडू. देश यादवी युद्धात होरपळलेला, तेव्हा राष्ट्रीय संघाचा खर्च हा माणूस स्वतःच्या खिशातून करायचा. २००२ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत लायबेरिया नायजेरियाच्या फक्त एका गुणाने मागे पडला. वेआ वर्ल्ड कप कधीच खेळला नाही. उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट नाही, वेल्सचा रायन गिग्जही नाही. यांच्या खेळात काय कमी होतं?

आता मॅराडोना. २२ जून १९८६, मेक्सिकोतलं अझ्टेका स्टेडियम, इंग्लंडविरुद्धची क्वार्टर फायनल. हाताचा गोल आणि चार मिनिटांनी स्वतःच्या हाफमधून निघून केलेला तो दुसरा गोल सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी मुलांना मुद्दाम पूर्ण सामना दाखवते, कारण शेवटची दहा मिनिटं कुणी बघत नाही. इंग्लंडचा जॉन बार्न्स डावीकडून क्रॉस मारतो, त्यांचाच लिनेकर हेडरने गोल करतो, २-१. थोड्या वेळाने पुन्हा तोच बार्न्स, तसाच क्रॉस, गोलच्या तोंडाशी पुन्हा तोच लिनेकर. आणि त्याच्या पुढे झेपावून ओलार्तिकोएचेआ नावाचा अर्जेंटिनाचा खेळाडू मानेच्या मागच्या बाजूने बॉल बाहेर काढतो. तो चुकला असता तर सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला असता. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

फायनलमध्ये पश्चिम जर्मनीने मॅराडोनावर मॅथॉसला लावलं होतं आणि त्या दिवशी मॅराडोनाचा एकही गोल नाही. पहिला गोल डिफेंडर ब्राऊनचा, हेडरने. पुढे त्याच ब्राऊनचा खांदा निखळला, तर त्याने जर्सीला दातांनी भोक पाडलं, त्यात बोट अडकवून हात लोंबू न देता तो शेवटपर्यंत खेळला. जर्मनीने २-० चे २-२ केले. मग मध्यावर गर्दीत अडकलेल्या मॅराडोनाने एका स्पर्शात बॉल पुढे सोडला, बुरुचागा त्यामागे धावत सुटला, ३-२. आपल्याभोवती तीन जण जमले म्हणजे पुढे जागा मोकळी आहे, हे त्याला न बघता कळलं. पण बुरुचागा आधीच धावायला लागला होता, म्हणून त्या पासला अर्थ आला. प्रशिक्षक बिलार्दोने मागे तीन आणि मध्ये पाच अशी रचना लावली होती, तीही मॅराडोनाला बचावाच्या कामातून सोडवण्यासाठीच. त्याच्या वाटचं पळणं बाकीच्यांनी वाटून घेतलं होतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे देवळालीगावातला एक मुलगा होता. बॉल त्याच्या पायाला चिकटलेलाच असायचा. तालुक्याला चार सामन्यांत आमचे अकरा गोल झाले, त्यातले नऊ त्याचे. मीही हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू. जिल्ह्याच्या फायनलला समोरच्या सरांनी त्याच्यामागे दोन पोरं लावली, एक पुढून, एक मागून. तो तिघांना चकवायचा आणि चौथ्याकडे बॉल जायचा. आम्ही ०-१ हरलो. सामना संपल्यावर तो रडत बाकीच्यांवर ओरडला, ‘तुम्ही कुणी पळतच नाही!’ आमचा लेफ्ट बॅक, वर्गातला सगळ्यात बुटका आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा पोरगा, बुटाची लेस सोडत मान वर न करता म्हणाला, ‘पळून काय करू? तू बॉल देतोस का कधी?’

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. चूक त्या मुलाची कमी आणि माझी जास्त होती. वर्षभर मी बाकीच्या दहांना एवढंच शिकवलं होतं की बॉल मिळाला की त्याला द्या. पुढच्या वर्षी सरावात नियम केला: त्याने स्वतः मारलेला गोल एक धरायचा, त्याच्या पासवर दुसऱ्याने मारलेला दोन. तीन आठवडे तो माझ्याशी धड बोलला नाही. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की दोघं अंगावर आले की कुठेतरी एक जण मोकळा असतोच. आणि इतर पोरं पळायला लागली, कारण आता पळण्याचा उपयोग होता. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो. विभागीयला दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो, पण तो सामना मी आजही अभिमानाने आठवते.

मेस्सीचंही मला तसंच वाटतं. २०१४ ची फायनल जर्मनीकडून ११३ व्या मिनिटाला गेली. २०१५ आणि २०१६ ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, दोन्ही वेळा चिलीविरुद्ध पेनल्टीवर गेली. २०१६ ला त्याने स्वतःची पेनल्टी बाहेर मारली आणि राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. नंतर तो परत आला. त्या वर्षांत अर्जेंटिनाकडे नावाजलेले फॉरवर्ड भरपूर होते, पण अडचण आली की सगळ्यांची नजर मेस्सीकडे. बॉल त्याला द्यायचा आणि तो काय करतो ते बघत उभं राहायचं.

नंतरचा प्रशिक्षक स्कालोनीने हे बदललं. दे पॉल, पारेदेस, पुढे एन्झो फर्नांडेस आणि मॅक अ‍ॅलिस्टर, हे सगळे बॉल गेला की तुटून पडणारे. मेस्सी सामन्यातला बराच वेळ चालत असतो, त्यावर लोक टीका करतात. त्याला तसं चालता यावं म्हणून मधले तिघं दुप्पट पळत होते, आणि त्यांना ते ओझं वाटत नव्हतं. २०२१ ला माराकानावर ब्राझीलविरुद्ध कोपाची फायनल १-० ने जिंकली, गोल दि मारियाचा, लांब पास दे पॉलचा.

कतारमध्ये पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून १-२ हरले. मेक्सिकोविरुद्ध ६४ व्या मिनिटाला मेस्सीनेच दार उघडलं, तो गोल नसता तर ते बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर आले असते. स्टारचं मोल मी नाकारत नाही ते याचसाठी. पण त्यापुढचा पोलंडचा सामना आठवा. मेस्सीची पेनल्टी गोलकीपरने अडवली. २०१६ चा संघ तिथे खचला असता. या संघाने दुसऱ्या हाफमध्ये दोन गोल केले, एक मॅक अ‍ॅलिस्टरचा आणि एक आल्वारेझचा. आल्वारेझ आणि एन्झो स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या अकरातही नव्हते.

१८ डिसेंबर २०२२ ची फायनल आम्ही गंगापूर रोडला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरवर पाहिली. नाशिकचा डिसेंबर, पोरं कानटोप्या घालून, शाली लपेटून बसलेली. फ्रान्सच्या एम्बाप्पेने तीन गोल केले, म्हणजे त्या रात्री मेस्सीपेक्षा एक जास्त, आणि तरी तो हरला. १२३ व्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय पसरून बॉल अडवला, तेव्हा पार्किंगमधला एक आवाज नव्हता. सगळे श्वास धरून. मग पेनल्टी, आणि शेवटची किक मारायला आला माँटिएल, ज्याच्या हाताला बॉल लागल्यामुळे फ्रान्सला ३-३ करायला मिळालं होतं. माझ्या शेजारची सहावीतली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हा चार नंबरवाला कोण?’ मी नाव सांगेपर्यंत गोल झाला होता.

रोनाल्डोचं थोडक्यात. २०१६ च्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये तो २५ व्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला आणि पोर्तुगाल एडरच्या गोलवर एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकलं. रोनाल्डो साइडलाइनवर लंगडत ओरडत होता, कर्णधार म्हणून तो तिथेही उपयोगी पडला. पण गोल त्याच्याशिवाय झाला.

आता आपला छेत्री. जून २०१८ मध्ये अंधेरीला चार देशांची स्पर्धा होती. पहिल्या सामन्याला स्टेडियममध्ये २,५६९ लोक. भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक, आणि खुर्च्या रिकाम्या. मग त्याने व्हिडिओ टाकला की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. मला तो बघवला नाही. देशाच्या कर्णधाराने हात जोडून प्रेक्षक मागायचे? शाळेला सुट्टी होती. ४ जूनला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मी आणि माझा भाऊ मुंबईला गेलो. केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना. पाऊस असा की समोरचा गोल दिसेना, मैदानात पाणी साचलेलं, पण या वेळी स्टेडियम गच्च भरलेलं. पहिला हाफ कोरा गेला. मग छेत्रीची पेनल्टी, मग जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. सामना संपल्यावर ओलेचिंब खेळाडू प्रेक्षकांसमोर येऊन टाळ्या वाजवत होते आणि माझा घसा बसला होता.

तरीही तुमच्या प्रश्नाला मला खरं उत्तर द्यायला हवं. पुढच्या जानेवारीत एशियन कपमध्ये थायलंडविरुद्ध त्याने दोन गोल केले, आपण ४-१ जिंकलो. शेवटच्या सामन्यात बहरीनशी बरोबरी चालली असती, इंज्युरी टाइममध्ये एका पेनल्टीने आपण बाहेर पडलो. २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत त्याचा १५० वा सामना, त्यानेच गोल केला, आणि आपण अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. आपल्या क्लबांमध्ये पुढची जागा वर्षानुवर्षं परदेशी फॉरवर्डकडे आहे. भारतीय पोरगा क्लबसाठी विंगवर नाहीतर बाकावर असतो आणि देशासाठी मात्र त्याने गोल करावेत अशी आपली अपेक्षा. छेत्रीच्या मागे बुरुचागाही नव्हता आणि ओलार्तिकोएचेआही नव्हता. अशा ठिकाणी मेस्सी जन्मला असता तर त्याचाही वेआ झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

अंधेरीहून आम्ही रात्री भावाच्या मित्राच्या गाडीने परत निघालो. कसारा घाटात धुकं होतं, गाडी रांगत होती. भावाने विचारलं, ‘ताई, याच्यानंतर कोण गं?’ मी घाट संपेपर्यंत विचार केला, एकही नाव तोंडावर आलं नाही. जून २०२४ मध्ये छेत्री निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गोल करायला कुणी नाही म्हणून त्याला परत बोलावलं आणि मालदीवविरुद्ध त्याने गोल केलाही. भावाचा लगेच फोन आला. मला काही बोलताच येईना.